भांडण मिटवणारा कोण?

खारघरहून महामार्गाने पनवेलला निघालं की उजव्या हाताला, इमारतींच्या आणि खारफुटीच्या पलीकडे, पनवेलची खाडी अधूनमधून डोकावते. १७७८ च्या नोव्हेंबरअखेरीस मुंबईकर इंग्रजांचं लष्कर याच खाडीने पनवेलला उतरलं. साधारण ३,९०० माणसं, तोफा, दारूगोळा, साहेबांचा संसार, आणि हे सगळं घाटावर ओढून न्यायला १९,००० बैल. बरोबर रघुनाथरावदादा. दादांना पुण्याच्या मसनदीवर बसवायचं, म्हणून हा सारा खटाटोप.

पनवेलहून तळेगावला आज आपण दीड-दोन तासांत जातो. या लष्कराला दीड महिना लागला. बोरघाट चढून वर आल्यावर तर मैल-दीड मैल चालायचं की मुक्काम. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. हा गडी कायम आघाडीवर असायचा. शत्रूच्या माणसांनीच कौतुकाने त्याचं नाव 'इष्टूर फाकडा' पाडलं होतं, आणि वडगाव मावळला त्याची समाधी आहे. लष्कर तळेगावला पोचलं तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून ठेवलं होतं. पुढे दाणागोटा मिळायचा नाही हे कळल्यावर साहेबांनी रात्रीच्या अंधारात मोठ्या तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली. वडगावला चहूकडून घेरले गेले. तह करण्यावाचून सुटका राहिली नाही.

इथवरची गोष्ट आपण शाळेत शिकलेलो असतो. मला यातला गमतीचा भाग वेगळाच वाटतो. इंग्रजांच्या समोर होतं कोण? एक राजा नव्हता आणि एक सेनापतीही नव्हता. छत्रपती साताऱ्यात, कारभारात हात नसलेले. पेशवा सवाई माधवराव पावणेपाच वर्षांचा. मैदानात महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके. त्यांच्यामागे नाना फडणीस. या साऱ्यांनी मिळून इंग्रजांना वेढलं, पण तह करताना मात्र ते पुरते एक नव्हते. साष्टी आणि इतर मुलूख परत द्यायचा, दादांना हवाली करायचं, हे कलम पुण्यासाठी. त्याच बैठकीत भडोच महादजींना द्यायचं असं इंग्रजांनी खासगीत कबूल केलं आणि त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये बक्षीस दिले. नानांना हे कळलं नसेल असं समजायचं कारण नाही. मुंबईने पुढे तहच फेटाळला, ते सोडा.

या कारभाराला इंग्रजांनी राज्यसंघाचं नाव दिलं. आपल्याकडे शब्द होता मंडळ. मराठा मंडळ. मला तो अधिक नेमका वाटतो, कारण मंडळात भांडणं गृहीतच असतात.

*

हे मंडळ कुणी बसून आखलेलं नव्हतं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, मोगलांच्या छावणीतून शाहूमहाराज सुटून आले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला त्यांनी राज्याभिषेक करून घेतला. तेव्हा त्यांच्या हाती तिजोरी नव्हती. होती ती माणसं, घोड्यावर बसलेली आणि स्वतंत्र वागायची सवय लागलेली. शिवाजीमहाराजांनी सरदारांना मुलूख तोडून देणं कटाक्षाने टाळलं होतं. पण राजाराममहाराज जिंजीत अडकले आणि इकडे मोगलांशी लढायला प्रत्येकाला काहीतरी आमिष दाखवावं लागलं. जो जितका मुलूख सोडवील तितका त्याचा, असा तो व्यवहार. पंचवीस वर्षांच्या लढाईने राज्य वाचलं, आणि वाचवणाऱ्यांनी आपापला वाटा धरून ठेवला.

अशा माणसांवर राज्य कसं करायचं, याचा धडा शाहूंना कोकणातून मिळाला. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या, म्हणजे शाहूंविरुद्धच्या कोल्हापूरकर पक्षाचे. त्यांनी घाट चढून लोहगड घेतला आणि त्यांच्यावर धाडलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं. राज्याचा मुख्य प्रधान आपल्याच आरमाराच्या सुभेदाराच्या कैदेत! १७ नोव्हेंबर १७१३ ला मांजरीला बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली आणि ते कान्होजींशी बोलायला लोणावळ्याकडे गेले. तलवार उपसायची वेळ आली नाही. कान्होजींनी पिंगळ्यांना सोडलं आणि कोल्हापूरचा पक्ष सोडला. त्याबदल्यात आरमार, किल्ले आणि सरखेल ही पदवी त्यांच्याकडे कायम राहिली. बलाढ्य माणसाला मोडायचं नाही, त्याला भागीदार करून घ्यायचं. पुढची शंभर वर्षं मंडळात जे जे टिकलं ते याच रीतीने टिकलं.

मग १७१९ मध्ये बाळाजी दिल्लीहून सनदा घेऊन आले. शिवाजीमहाराजांचं स्वराज्य, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी. शाहूंच्या आई येसूबाईही त्याच वेळी सुटून आल्या. आता हा पैसा वाटायचा कसा? इथे जी व्यवस्था बसवली गेली ती मला पानिपतापेक्षाही महत्त्वाची वाटते, पण तिच्यावर कुणी पोवाडा रचलेला नाही.

समजा, एखाद्या परगण्याची चौथाई १०० रुपये बसली. त्यातले २५ 'बाबती' म्हणून छत्रपतींचे. उरलेल्या ७५ मधून ६ रुपये 'सहोत्रा', ते पंत सचिवांचे. ३ रुपये 'नाडगौडा', ते महाराज देतील त्याचे. राहिले ६६, तो 'ऐन मोकासा', तो फौज बाळगण्यासाठी सरदाराचा. सरदेशमुखीचे शेकडा १० आणखी वेगळे, ते छत्रपतींचं वतन. आता हे एकाच गावात, एकाच खळ्यावर वसूल व्हायचं. म्हणजे बाबती घेणारा एक कारकून, सहोत्र्याचा दुसरा, मोकाशाचा तिसरा, आणि तिघांनाही पाटील-कुलकर्ण्याच्या दप्तराशिवाय आपला वाटा किती हे कळायचं नाही. शिवाय एकाचा मोकासा एकाच ठिकाणी सलग नसे. थोडा इथे, थोडा तिथे, मध्ये दुसऱ्याचा.

आमच्या खारघरमधल्या सोसायटीत पाण्यासाठी एका कचेरीत अर्ज करावा लागतो, कचऱ्यासाठी दुसऱ्या, आणि समोरच्या रस्त्याच्या खड्ड्यासाठी तिसऱ्या. सेक्रेटरी वैतागून म्हणतात, एकाच्या ताब्यात का नाही देत सगळं? १७२० मध्ये एखाद्या मोकाशानेही हेच विचारलं असणार. त्याला उत्तर असं की सगळं एकाच्या ताब्यात जाऊ नये हाच तर बेत होता.

ग्रँट डफ हा स्कॉटिश साहेब १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट होता. त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला तो १८२६ ला छापून आला. या वाटणीत त्याला ब्राह्मण कारकुनांची चलाखी दिसली. हिशेब इतका गुंतागुंतीचा करून ठेवायचा की कारकुनाशिवाय कुणाचं पान हलू नये. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मधल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नेमकी याच गुंत्याची बाजू घेतली. प्रत्येकाचा पैसा दुसऱ्याच्या मुलखात अडकलेला असला की फुटून निघणं कुणालाच परवडत नाही. मला वाटतं, दोघांचंही खरं होतं. कारकुनाचं पोट भरत होतं आणि राज्यही बांधलं जात होतं.

रानड्यांनंतर पन्नास वर्षांनी, ९ मे १९५० ला, फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा व पोलाद एका सामाईक अधिकाराखाली आणायची योजना मांडली. पुढच्या वर्षी सहा देशांनी पॅरिसला करार केला. आजच्या युरोपीय संघाचं मूळ ते. हेतू उघड होता: तोफा ज्या मालापासून होतात तो माल दोघांचा एकत्र गुंतवून ठेवला की एकाला दुसऱ्यावर तोफ रोखता येऊ नये. ब्रुसेल्सचा कारकून आणि पुण्याच्या फडावरचा कारकून यांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण वही कळली असती. फरक एक. युरोपवाल्यांनी वहीबरोबर न्यायालयही उभं केलं. वाटणीवरून तंटा झाला तर तो कुणी सोडवायचा, हे आधीच लिहून ठेवलं. आपल्याकडे ते लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडे एक माणूस होता.

*

तो माणूस म्हणजे शाहूमहाराज. त्यांच्या लढाया फारशा सांगितल्या जात नाहीत, कारण ते फारसे लढलेच नाहीत. ते समजूत घालत.

१ एप्रिल १७३१ ला गुजरातेत डभईला पेशवा बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांच्यात लढाई झाली. राज्याचा प्रधान विरुद्ध राज्याचा सेनापती. दाभाडे मारले गेले. दुसरीकडे कुठे असं झालं असतं तर सेनापतीचं घराणं संपलं असतं. शाहूंनी सेनापतिपद त्रिंबकरावांच्या भावाला दिलं, त्यांच्या आई उमाबाई दाभाड्यांचं सांत्वन केलं आणि गुजरातच्या उत्पन्नाची वाटणी लावून दिली. दाभाड्यांचे सरदार गायकवाड पुढे त्याच गुजरातेत मोठे झाले.

बंगालचा प्रसंग याहून मासलेवाईक. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बंगालवर चौथाईसाठी स्वारी केली. तिथला नवाब अलिवर्दीखान याने पेशव्यांना पैसा कबूल करून बोलावलं, या भोसल्यांना हाकला म्हणून. १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे खरंच बंगालवर चालून गेले आणि रघूजींना मागे रेटलं. दोन्ही फौजा शाहूमहाराजांच्या, दोन्ही भगव्या झेंड्याखाली. त्याच वर्षी महाराजांनी दोघांना साताऱ्याला बोलावलं आणि ऑगस्टअखेर करार करून दिला: बंगाल, बिहार, ओरिसा या बाजूला रघूजींनी जावं, माळवा आणि उत्तर पेशव्यांची, कुणी कुणाच्या हद्दीत शिरू नये. दोघांनीही ते मानलं. महाराजांपाशी दोघांपैकी कुणालाही वठणीवर आणील एवढी फौज नव्हती. तरी मानलं.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले. पुढच्या वर्षी सांगोल्याला झालेल्या कराराने कारभाराची सूत्रं पेशव्यांकडे आली आणि राजधानीचं वजन साताऱ्याहून पुण्याला सरकलं. वस्त्रं मात्र साताऱ्याचीच लागत. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठीही पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच आली.

अडचण एकच होती, आणि ती मोठी. बाबती घेत असले तरी शाहू सरदारांचे प्रतिस्पर्धी नव्हते. पेशवा होता. भांडण सोडवणारा स्वतःच एका वाट्याचा धनी झाला, तेव्हा भोसले-गायकवाड त्याचा निवाडा कितपत मानणार? थोरले माधवराव होते तोवर दरारा होता. त्यांनी जानोजी भोसल्यांवर चाल करून १७६९ मध्ये कनकापूरचा तह करायला लावला. पण समजुतीच्या जागी दरारा आला, की पुढे दरारा दाखवणारा माणूस लागतोच.

*

मग मंडळ चालत कसं होतं? माणसांनी चालत होतं, आणि कागदांनी.

सरंजामदाराच्या पदरी दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार हुजुरातून नेमलेले असत. सरदाराने त्यांना पगार द्यायचा, पण काढून टाकायचं नाही. म्हणजे शिंद्यांच्या छावणीत बसून शिंद्यांचाच हिशेब पुण्याला कळवणारा माणूस शिंद्यांच्याच भाकरीवर. शिवाय सरदारांची मुळं दक्षिणेतच रोवलेली. उत्तर हिंदुस्थान हलवणारे महादजी स्वतःला पाटील म्हणवत. पारनेरजवळच्या जामगावला त्यांचा वाडा आहे. होळकरांचा वाफगावला. माळव्यात कितीही मोठा झाला तरी ज्याचं वतन पेशव्यांच्या मुलखात, तो पुण्याला पाठ दाखवताना दोनदा विचार करी.

आणि वकील. प्रत्येक दरबाराचा वकील दुसऱ्या दरबारात. शिंद्यांच्या, होळकरांच्या, भोसल्यांच्या, निजामाच्या, दिल्लीच्या गोटातून रोज काही ना काही पुण्याला यायचं: कोण कुणाला भेटलं, कुणाची फौज पगाराविना रुसली, कुणाच्या मनात काय आहे. सगळे सरदार ठरलेल्या वेळी एकत्र बसतील अशी कायमची सभा या मंडळाला कधीच नव्हती. बारभाई होते ते पुण्याचे कारभारी, आणि ते बाराच होते असंही नाही. सभेचं काम पत्रांनी केलं. मोडीतली ती पत्रं आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेली आहेत. त्यांतली निवडक पत्रं रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापली. रियासतकार राहायचे कामशेतला, कार्ले आणि वडगाव यांच्या मधोमध. ज्या वाटेवर इष्टूर फाकडा पडला, त्याच वाटेवर.

मंडळाला मिरवण्याचीही चांगली जाण होती. १७९२ मध्ये महादजी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची वस्त्रं घेऊन पुण्याला आले. त्या वेळी हिंदुस्थानात त्यांच्याएवढी कवायती फौज दुसऱ्या कुणाही एतद्देशीय सरदाराकडे नव्हती. भेटीचा प्रसंग ग्रँट डफने रंगवून सांगितला आहे. महादजी लांबूनच हत्तीवरून उतरले, मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले, बगलेतल्या बासनातून नवे जोडे काढून पेशव्यांसमोर ठेवले आणि जुने उचलून काखेत धरले. आमच्या वडिलांचं हेच काम, असं म्हणून. नाना फडणीस बघत होते. यातलं किती मनापासून होतं आणि किती नानांना डिवचायला, हे ठरवणं कठीण. पण जोड्यांचा तो अभिनय महादजींना करावासा वाटला, यातच मंडळ अजून जिवंत होतं. पुढच्याच वर्षी राजस्थानात लाखेरीला शिंद्यांच्या पलटणींनी होळकरांच्या फौजेचा फडशा पाडला. तेही त्याच मंडळातलं.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड, पटवर्धन शेवटचे एका झेंड्याखाली आले. सरदारी परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. या लढाईचं कारण ऐकलं तर हसू येईल: चौथाईच्या थकबाकीचा हिशेब. गोविंदराव काळे आणि गोविंदराव पिंगळे हे पुण्याचे वकील निजामाच्या दरबारात वर्षानुवर्षं वह्या उलगडत बसले होते, आणि निजामाचा दिवाण त्यांना उडवून लावत होता. वहीसाठी सगळे एक झाले.

*

पुढचं वेगाने झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. १३ मार्च १८०० ला नाना गेले. दुसरा बाजीराव मसनदीवर होता. १८०१ च्या एप्रिलमध्ये त्याने यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. शाहूंच्या जागी बसलेला माणूस आता भांडणातला एक पक्ष झाला, तोही सूड घेणारा.

२५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतरावांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरून पळाला. परत या, अशी बोलावणी यशवंतरावांनी पाठवली. तो आला नाही. ३१ डिसेंबरला वसईला त्याने इंग्रजांशी तह केला. या तहातलं आपल्याला तैनाती फौजेचं कलम आठवतं. मला दुसरं अधिक बोचतं: निजामाशी आणि गायकवाडांशी पेशव्यांचा जो काही देण्याघेण्याचा तंटा असेल, त्याचा निवाडा इंग्रज करतील. गायकवाड म्हणजे घरचेच. घरातलं भांडण मिटवायचा मान बाजीरावाने एका सहीने बाहेरच्याला देऊन टाकला. पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला उभे राहिले. ते हरल्यावर होळकर लढले, एकटे.

तरी मंडळाचा धागा शेवटपर्यंत तुटला नाही, आणि ताणला गेला तो पुन्हा हिशेबावरूनच. गायकवाडांकडे पेशव्यांचं जुनं येणं होतं. ते मिटवायला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. इंग्रजांनी त्रिंबकजी डेंगळ्यांवर आळ घेऊन त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात ते तिथून पळाले. या सगळ्याची वसुली पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने १३ जून १८१७ च्या पुणे तहात केली.

त्या तहात पेशव्याने मराठा मंडळाचं प्रमुखपण कायमचं सोडलं. दुसऱ्या दरबारांत आपला वकील ठेवायचा नाही, त्यांचा आपल्याकडे ठेवून घ्यायचा नाही, हेही कबूल केलं. गायकवाडांवरचे जुने हक्क वर्षाला ४ लाखांवर तोडले. आणि मुलूख दिला. त्या कलमात बेलापूर, आटगाव आणि कल्याण ही नावं आहेत, आणि तिथून उत्तरेला गुजरातपर्यंत घाट आणि समुद्र यांच्यामधलं सगळं.

हार्बर लाइनवर बेलापूर हे खारघरचं लगतचं स्टेशन. किल्ल्याचा उरलेला बुरूज किल्ले गावठाणात, महापालिकेच्या घुमटवाल्या इमारतीजवळ आहे. तहानंतर दहा दिवसांनी, २३ जूनला, कॅप्टन चार्ल्स ग्रे याने हा किल्ला ताब्यात घेतला. पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या खडकीच्या लढाईला अजून साडेचार महिने होते. पुण्यातले वकील आपापल्या गावी निघून गेले होते.